छत्तीस जीबीचा फेरफार

निवृत्त तलाठ्याच्या घरी नवा लॅपटॉप सुरू करून द्यायचा असेल, तर अख्खा दिवस मोकळा ठेवावा. आमच्या मामांची हयात महसूल खात्यात गेली. कागद शिक्क्यापर्यंत वाचल्याशिवाय सही नाही, ही सवय काही निवृत्त झालेली नाही. विंडोजच्या अटी पडद्यावर आल्या. सगळं जग तिथे 'ॲक्सेप्ट' दाबून मोकळं होतं. मामांनी चष्मा पुसला. ते तिसऱ्या कलमावर होते तेवढ्यात पडदा काळा झाला.

"पक्षकार गैरहजर," मामा म्हणाले.

एका परीने ही चिकाटी कामी आली. अटी संपल्या की विंडोज फार अदबीने विचारतं: जाहिरातींसाठी ओळखक्रमांक देऊ? जादा माहिती कंपनीला कळवू? आणि 'हो' बहुतेक वेळा त्यानेच निवडून ठेवलेलं असतं. मामांनी एकेकाला नामंजूर केलं. लोकेशन तेवढं मी हट्टाने चालू ठेवलं, कारण लॅपटॉप हरवला तर शोधायला ते लागतं.

खरा तंटा पेटला तो जागेवरून. खोक्यावर 512 जीबी, पडद्यावर 476.

"छत्तीस जीबी कुणाच्या नावावर चढले?"

दुकानदार त्या क्षणी समोर असता तर त्याचा पंचनामाच झाला असता. मी सांगू लागलो की कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा जीबी 107 कोटींच्या वर जातो. माल तेवढाच, माप मोठं, म्हणून आकडा लहान. मामांचा चेहरा कोराच. शेवटी म्हटलं, "मामा, गुंठा आणि आर." आर म्हणजे बरोबर 100 चौरस मीटर, गुंठा 101 च्या थोडा वर.

"मग असं बोल की! त्यांनी आरात विकलं, हे गुंठ्यात मोजतंय." फेरफार मंजूर. संगणकाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एखादा तलाठी हाताशी का ठेवला नाही, देव जाणे.

मराठी टायपिंग त्यामानाने बिनबोभाट झालं. विंडोजमध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो जोडायचा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबला की भाषा बदलते. मामांनी पहिलं वाक्य उमटवलं: 'सदर मिळकतीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे.' मामी आत निघून गेली.

राहिला पासवर्ड. लांबलचक ठेवा, बँकेचा तोच इथे नको, आणि लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा, असं मी सांगितलं. परदेशात बसलेला चोर साताऱ्यातलं कपाट उघडायला येत नाही. मामांनी एक पाऊल पुढे टाकलं. जुनी दप्तरं वाचता वाचता शिकलेल्या मोडीत त्यांनी लिहून ठेवलं: मोठा यस, लहान ये, मग आकडे, मग ॲट.

आता मामा वारीला गेलेत. फोन 'चोरीला जातो' म्हणून घरीच. मामीला विजेचं बिल भरायचंय. तिने वहीच्या पानाचा फोटो मला पाठवलाय. मोडीत शब्द तोडत नाहीत, त्यामुळे 'मोठा' कुठे संपतो आणि पासवर्ड कुठे सुरू होतो, कळायला मार्ग नाही. मोडी वाचणारे एक गृहस्थ सापडलेत, पण पान त्यांना दाखवलं की पासवर्ड त्यांना आधी कळणार आणि मला नंतर. मामी म्हणते, बिल रांगेत उभं राहून भरते.