मधली खुर्ची

नाना भुताला घाबरत नाहीत, असं नानाच सांगतात. शाळकरी वयात वाचनालयातले सगळे नारायण धारप कोळून प्यायल्यामुळे आपली भीती तेव्हाच संपली, असा त्यांचा दावा. भयपटाला मात्र एकटे जात नाहीत. खुर्ची मधली लागते. दोन्ही अंगाला जिवंत माणूस हवा.

२०१८ साली 'तुंबाड' आला तेव्हा उजवीकडचा जिवंत माणूस मी होतो. "नाव पेंडशांच्या कादंबरीवरून, कल्पना धारपांची. अर्धा पिक्चर आमच्या वाचनालयातलाच की!" दिवे मालवायच्या आत नानांनी श्रेय वाटून टाकलं. मग तो पाऊस, तो पडका वाडा, पंकज कुमारचा कॅमेरा. नाना खूश. "कोकणातला पाऊस असाच. पडत नाही, मुक्कामाला येतो."

साखळदंडातली आजी जागी झाली आणि नानांचा चष्मा एकाएकी मळला. तो काढून ते शर्टाच्या टोकाने पुसत बसले. काचा केव्हाच लख्ख झाल्या होत्या, तरी पार्श्वसंगीत उतरेपर्यंत पुसणं चालूच. मग हळूच, "गेली का रे?"

मध्यंतरात धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "नाना, आजी झालाय तो मोहम्मद समद नावाचा पोरगा. पुढे नायकाचा, म्हणजे विनायकाचा मुलगाही तोच."

"माहितीये मला," म्हणत त्यांनी माझाही वडा संपवला.

उत्तरार्धात त्यांच्यातला समीक्षक जागा झाला. "कणकेच्या बाहुलीला भुलतो, पिठाच्या रिंगणाला अडतो. अरे, हा हस्तर राक्षस आहे की मुंगी? आपल्याकडे खडूची रेघ ओढतात तसंच झालं!" शेवटी एकाचे अनेक हस्तर झाले, तेव्हा नाना चक्क मागे रेलले. "एक होता तोवर घाम फुटला होता. आता काय, हजेरी घ्यायची!" घामाची कबुली आपण देऊन बसलो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. विनायकाच्या बायकोला पटकथेने वाऱ्यावर सोडलंय, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं. तेही खोटं नाही.

२०२४च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला करून गेला. त्यात नानांचंही तिकीट होतं, आणि अर्थात आमचंही. लोभाच्या रूपकावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. पण राक्षस मोजता येऊ लागला की भीती संपते, हे नानांइतकं चोख कुणी सांगितलेलं माझ्या तरी वाचनात नाही.