शिक्का आणा, क्रेडिट न्या

विद्यापीठांनी अखेर मान्य केलं आहे, की माणूस वर्गाबाहेरही शिकतो. ही बातमी कुणीतरी गवंड्यांना, सुतारांना आणि मंडईतल्या मावशींना कळवायला हवी. बिचारी मंडळी आजवर विनापरवाना शिकत होती.

मान्यतेपाठोपाठ दरपत्रकही आलं. वर्गात पंधरा तास बसलात की एक क्रेडिट. प्रयोगशाळेत उभे राहिलात किंवा कॉलेजबाहेर काम केलंत, तर एका क्रेडिटला तीस तास. हात चालवणाऱ्याने बसणाऱ्याच्या दुप्पट राबायचं, हा आपल्याकडचा जुना भाव नव्या शैक्षणिक धोरणातही बदललेला नाही. सुधारणेच्या धामधुमीत एवढी तरी परंपरा वाचली म्हणायची. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट जमवायची, तीन वर्षांत १२० ते १३२ झाली की पदवी, चौथं वर्ष काढलंत तर १६० ते १७६. मधेच सोडायचीही सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मात्र सोडणाऱ्याने जाता जाता आणखी ४ क्रेडिटचं काम करून जायचं. लग्नातून लवकर निघणाऱ्याला यजमान 'जेवल्याशिवाय सोडणार नाही' म्हणतात, तसंच हे. फक्त इथे पंगतही निघणाऱ्यानेच वाढायची.

ही सगळी कमाई ठेवायला २०२१ साली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली. जमा केलेलं क्रेडिट तिथे जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. खात्यासाठी बारा अंकी 'अपार' क्रमांक लागतो, आणि तो मिळवताना निम्मा महाराष्ट्र एकाच ठिकाणी अडखळतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनाव आधी येतं, आधार कार्डावर शेवटी. माझ्या पुतण्याला कॉलेजच्या खिडकीतून सांगण्यात आलं, की कागदोपत्री हे दोन वेगळे विद्यार्थी दिसतात. "मग दोघांची हजेरी लावा," तो म्हणाला. खिडकीला विनोद कळत नाहीत. आधार केंद्र, सेतू कार्यालय, सायबर कॅफे आणि पुन्हा खिडकी एवढा प्रवास करून तो अखेर एकटा झाला. या भटकंतीत जे शिकायला मिळालं त्याचं क्रेडिट नाही.

पुतण्या निफाड तालुक्यातला. थोरल्या भावाची द्राक्षबाग, पोरगा बी.एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र. त्याचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे नव्या धोरणाचा मान त्यांना इतरांच्या आधी मिळाला. त्याच्या वेळापत्रकात विषय कमी आणि इंग्रजी अक्षरं जास्त आहेत: व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, एफपी, सीईपी, ओजेटी. भाऊ म्हणतो, ही द्राक्षाची नवी वाणं वाटतात.

यातली एफपी, सीईपी आणि ओजेटी ही कॉलेजबाहेरची. एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट. सीईपी म्हणजे समाजात मिसळायचं, त्याला २ क्रेडिट, म्हणजे साठ तास. पुतण्याच्या गटाने वृक्षारोपण निवडलं. मी फोटो पाहिला आहे. एक करंजाचं रोप, त्याला बारा हात. खड्डा सरांच्या सूचनेनुसार आधीच खणलेला, कारण खणण्यात वेळ गेला तर उजेड जातो. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. जिओटॅग नसलेला फोटो म्हणजे न केलेलं काम. कॉलेजाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला फाइल दाखवावी लागते, रोप नाही. म्हणून रोपापेक्षा फोटोची निगा चांगली राखली जाते. साठ तासांपैकी उरलेले तास अहवालाच्या स्पायरल बाइंडिंगला लागले असावेत.

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'स्वयम्' पोर्टल खरोखर कामाचं आहे. २०१७ पासून केंद्र सरकार ते चालवतं, त्यावर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम असतात, शिकायला फी नाही. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते. पुतण्या मोटर चालू करून बांधावर बसतो आणि चेन्नईच्या प्राध्यापकांकडून रसायनशास्त्र शिकतो, दीडपट वेगाने, कारण तीन तासांत लाइट जाते. 'स्वयम्'वरच असलेल्या एनपीटीईएलच्या त्या अभ्यासक्रमाला गृहपाठाचे पंचवीस आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे पंचाहत्तर गुण असतात. गृहपाठाची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण परीक्षाकेंद्रावर टेलिग्राम चालत नाही, हेही. थोडक्यात, बऱ्याच कॉलेजांच्या अंतर्गत गुणांपेक्षा हे प्रकरण जास्त सरळ आहे.

पूर्वी एका सत्रातले २० टक्के विषय असे 'स्वयम्'वरून घेता यायचे, २०२१ च्या विनियमात ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. पुतण्या प्रमाणपत्र घेऊन विभागात गेला. उत्तर मिळालं: "हा कोर्स आपल्या यादीत नाही." यादी कोण करतं? विभाग. कधी करतं? बैठक झाली की. चाळीस टक्क्यांपर्यंत म्हटलं की शून्यही त्यात बसतं, आणि शून्य राबवायला सगळ्यात सोपं. मी विभागाला फार दोष देत नाही. मुलं आयआयटीच्या प्राध्यापकांकडे शिकू लागली तर इथल्या मास्तरांचा कार्यभार घटतो, आणि कार्यभार घटला की पद जातं. आधीच अर्धा विभाग तासिका तत्त्वावर. या साऱ्या योजनेत प्रत्येक तासाचा हिशेब खरोखर ज्याच्या पोटाशी येतो, असा हा तासिकेवरचा मास्तर एकटाच आहे, आणि त्याचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं असतं.

आता ओजेटी. ऑन द जॉब ट्रेनिंग. क्रेडिट ४, तास १२०, सहावं सत्र.

त्याआधी पाचव्या सत्रात काय झालं ते सांगतो. ऑक्टोबरमध्ये बागेची गोडी छाटणी येते. छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, फूट निघाली की विरळणी, पाऊस आला की डाऊनी, थंडी पडली की भुरी. पुढे घडांची जिबरेलिक द्रावणात बुडवणी. जिबरेलिक अ‍ॅसिडची पूड पाण्यात धड विरघळत नाही, आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायची. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम. प्रमाण चुकलं की घड हातचा गेला आणि वर्षही. हे द्रावण बागेत पुतण्या करतो. पूड वजनकाट्यावर तो मोजतो, पाण्याचा सामू तो तपासतो. निर्यातीच्या मालाचा अंश-तपासणीचा रिपोर्ट आला की तोच वाचतो आणि वडिलांना समजावतो, की दादा, या औषधाचे इतके दिवस झाल्याशिवाय तोडणी नाही. याच काळात कॉलेजात 'ठरावीक संहतीचं द्रावण तयार करणे' हे प्रात्यक्षिक झालं. तो गैरहजर. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, डिफॉल्टरच्या यादीत नाव लागलं, आणि भावाला पालक म्हणून बोलावून घेण्यात आलं, ऐन फवारणीच्या दिवशी.

सहाव्या सत्रात त्याने विभागात विचारलं, घरच्या बागेतलं काम ओजेटी म्हणून चालेल का? चालणार नव्हतं. आस्थापना नोंदणीकृत हवी, लेटरहेड हवं, गोल शिक्का हवा, मार्गदर्शकाचं पद हवं. वडील हे पद नाही. "आणि शेती म्हणजे काही इंडस्ट्री नव्हे," असंही एका मॅडमनी समजावलं. ज्या तालुक्याचा माल कंटेनर भरून युरोपात जातो, तिथे बसून हे म्हणायला धैर्य लागतं.

मग त्याचा मला फोन. "काका, ओजेटीचं लेटर भेटेल का कुठं?" काम भेटेल का, असं त्याने विचारलं नाही. तीन वर्षांत एवढं शिक्षण पक्कं झालं होतं. लेटर शेवटी एका मित्राच्या मामाच्या औषधाच्या दुकानातून मिळालं. पाटीवर 'केमिस्ट' लिहिलेलं असल्याने विभागाला रसायनशास्त्राशी संबंध दिसला. सदर विद्यार्थ्याने १२० तास समाधानकारक काम केल्याचं मामांनी लिहून दिलं. तो दुकानात गेला ते लेटर आणायला. मामा डुलकी काढत होते. शिक्का मात्र गोल होता. अहवालाला ए प्लस मिळाला, चार क्रेडिट खात्यात पडली, आणि त्याच आठवड्यात बागेची तोडणी आटोपली.

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांना शेतात राबवलं, १९४७ साली साताऱ्यात त्याच पायावर कॉलेज उभं केलं. त्या पोरांच्या हातातल्या फावड्यांचे जिओटॅग फोटो नाहीत. भाऊरावांकडे स्वतःची पदवी नव्हती. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना सन्मान्य डी.लिट. दिली, लेटरहेड न मागता. आणि आमच्या नाशिकलाच १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी करून घेऊन त्यांनी पदवीच्या वर्गात बसवलं. तेव्हा नियमित कॉलेजं त्या विद्यापीठाकडे पाहून नाक मुरडत होती. आता तीच कॉलेजं 'शिक्षण कुठेही' असा फलक लावतात आणि फलकाखाली हजेरी घेतात.

तेव्हा कुलगुरूंना एक विनंती. ओजेटीच्या फॉर्मवर 'स्वतःची शेती' असा एक रकाना वाढवा, आणि वर्षातून एकदा रसायनशास्त्राचा कुणीतरी प्राध्यापक बागेत पाठवून पोराला चार प्रश्न विचारा. उत्तरं आली तर क्रेडिट द्या, नाही आली तर नापास करा. भाऊ तक्रार करणार नाही. पण यायचं तर नोव्हेंबरात या, बुडवणी चालू असताना. आणि शिक्का लागणारच असेल तर तसं कळवा. निफाडच्या बाजारात तो संध्याकाळपर्यंत करून मिळतो.