झूमरावांची एकच लेन्स

झूमराव ओळखायला सोपे. गळ्यात कॅमेरा, त्यावर कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आणि तोंडी कायम 'ही आता बदलायचीय'. अपेक्षा माफक असते. लेन्स एकच, पण घरच्या बारशापासून भिगवणच्या रोहित पक्ष्यांपर्यंत सगळं तिनेच उरकायचं. शिवाय ती हलकी हवी, अंधारात चालणारी हवी आणि तिचं बिल घरी दाखवता यायला हवं. लेन्सची तीक्ष्णता दाखवणारे एमटीएफचे आलेख ते पंचांगासारखे उघडून बसतात आणि मुहूर्त दरवेळी पुढच्या दिवाळीवर जातो. बोराबाजारातल्या दुकानदारांना ही जात पाठ असते: लेन्स मागायची, झूमची नळी दोनदा बाहेर काढून आत घालायची, काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि 'विचार करून सांगतो' म्हणत जिना उतरायचा. झूमरावांचं घोडं लेन्सपाशी अडलंय, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते ते एक वेगळाच निर्णय लांबणीवर टाकत असतात: आपल्याला कशाचे फोटो काढायचे नाहीत, हा.

कारण प्रत्येक लेन्स काहीतरी सोडायला लावते. २०१७ साली टॅमरॉनने १८-४०० आणली तेव्हा झूमराव-समाजात आनंदीआनंद झाला असणार. पण तिचं वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि लांबच्या टोकाला तिचं तोंड एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशा पथकापुढे एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे तिला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो तिथे दुसरीला पन्नासावा भाग लागतो आणि ताशाच्या काड्यांचा धूर होतो. 'त्यात स्टॅबिलायझेशन आहे ना,' असं झूमराव म्हणतात. ते फोटो काढणाऱ्याचा हात सावरतं, वाजवणाऱ्याचा नाही. मग ते एफ २.८ च्या २४-७० कडे वळतात. ती उत्तमच, पण त्यांच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ चा कोन ३६ इतका अरुंद होतो आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या बारशाच्या ग्रुप फोटोतून कडेच्या दोन आत्या कटतात. आत्यांना 'हा क्रॉप फॅक्टर आहे' हे समजावून सांगणारा वीर अजून जन्माला यायचाय.

यावर कोणी म्हणेल, पन्नास-साठ हजारांचा मामला, माणसाने चौकशी करू नये का? जरूर करावी, पण स्वतःच्या फोटोंची. डिजिटल फोटो कोणत्या फोकल लेंग्थवर आणि किती आयएसओवर काढला, ही नोंद कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये आपसूक करून ठेवतो. वर्षभराच्या फोटोंवर नजर टाकली तर निकाल अर्ध्या तासात लागेल. बरेचसे फोटो १८ वरच असतील तर माणसाला रुंद कोन हवाय. ५५ वर असतील तर आणखी लांबचं. आणि आयएसओ सारखा ३२०० ला टेकत असेल तर झूम राहू दे, प्रकाश हवाय. झूमराव ही नोंद उघडत नाहीत, कारण तिथे बहुधा घरातली मंडळी, ताटं आणि गॅलरीतली कुंडी निघेल. रोहित पक्षी एकही नसेल. त्याऐवजी ते मित्राची लेन्स मागून आणतात, समोरच्या इमारतीच्या विटांचा फोटो काढतात आणि तो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यातली वीट मऊ आली म्हणून हळहळतात. ज्या भिंतीकडे गवंड्यानेही पुन्हा वळून पाहिलं नसेल, तिचा एवढा अभ्यास!

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: सहलीत पाऊस पडतोय, कडेवर मूल आहे, तिथे लेन्स कोण बदलत बसणार? बरोबर आहे. तिथे एकच लेन्स हवी, आणि छोट्या सेन्सरवर १८-१४०, मोठ्यावर २४-१०५ किंवा २४-१२० हा शहाणा सौदा आहे. पण सौदाच. रोहित पक्षी ठिपक्याएवढे येतील, अंधारात आयएसओ चढेल, हे कबूल करून पैसे मोजायचे. अशी कबुली दिली की कुठलीही लेन्स रोजची होते, न दिली तर कुठलीच होत नाही. झूमराव कबुली देत नाहीत आणि काळ थांबत नाही. २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट काढले आणि डीएसएलआरच्या लेन्सांना त्यावर बसायला अडॅप्टर लागू लागला. इतरांना खर्चाची धास्ती पडली. झूमराव मात्र हरखले. आता लेन्सच्या आधी कॅमेरा निवडायचा होता, आणि त्यासाठी आणखी पाच-सहा दिवाळ्या हाताशी होत्या.