फियाटचे नवे डोळे

प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या फियाटच्या, हेडलाइटचा व्यास 7 इंच असतो आणि तिच्या हौशी मालकाच्या बहुतेक अडचणी या एका आकड्यापासून सुरू होतात. 1940 साली अमेरिकेत सगळ्या मोटारींना याच मापाचा गोल दिवा ठरला. पुढे जीप, अ‍ॅम्बेसेडर, बुलेट, फियाट अशी वेगवेगळ्या घराण्यांतली मंडळी त्याच मापाची निघाली. त्यामुळे जीपसाठी बनवलेला एलईडीचा गोळा पद्मिनीच्या खोबणीत अलगद जाऊन बसतो. बसतो म्हणून बसवला जातो. पुष्कळ लग्नेही अशीच जुळतात.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्याची हेडलाइटबद्दल फारशी तक्रार नसे, कारण शहरातल्या खांबांवरच्या दिव्यांत त्याचे भागत असे. हौशी मालक मात्र रविवारी लोणावळ्याला जातो, परतताना घाटात अंधार पडतो आणि आपल्या गाडीपुढे दिवा नसून दिव्याची आठवण लावलेली आहे, हे त्याला पहिल्यांदा कळते.

खरे तर यात दिव्याचा दोष थोडा आणि वायरिंगचा फार असतो. बॅटरीतला करंट आधी स्विचकडे जातो, तिथून डिपरकडे, मग चाळीस वर्षांच्या बारीक वायरीतून बल्बपर्यंत पोहोचतो आणि गंजलेल्या पत्र्यातून अर्थ शोधत परत येतो. वाटेत प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. साध्या किंवा हॅलोजन बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरला, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी पडतो. त्यात गाडी डायनामोच्या काळातली असेल, तर सिग्नलला उभी असताना तिचे डोळे आपोआप मिटू लागतात आणि हॉर्न दाबल्यावर आणखी मिचकतात. एका वेळी एकच काम होईल, असे ती प्रामाणिकपणे सांगत असते.

यावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. दोन रिले घालायचे, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची आणि अर्थचा पत्रा पॉलिश पेपरने घासायचा. जाणत्या वायरमनला हे एका दुपारचे काम. पण रिले बॉनेटखाली लपतो. पाहुण्यांना खाली बोलावून रिले दाखवता येत नाही. म्हणून मालक एलईडी घेतो.

पहिला प्रयोग नेहमी काटकसरीचा असतो: काच आणि रिफ्लेक्टर जुनेच ठेवून फक्त बल्ब एलईडीचा घालायचा. हॅलोजनच्या एच-4 बल्बात दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. खालच्या बाजूचा उजेड ही वाटी अडवते, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब त्या काही मिलिमीटरच्या तारेभोवती मांडलेला असतो. एलईडीचा चकत्या चिकटवलेला दांडा त्या जागेच्या जरा जरी मागेपुढे झाला, तरी उजेड रस्ता सोडून आंब्याच्या फांद्यांवर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आणि समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो. ट्रकवाला अप्पर-डिपर मारतो. गाडीचे कौतुक चालले आहे, अशा समजुतीने मालक हात हलवतो.

दुसऱ्या प्रयोगात अख्खा गोळा बदलला जातो आणि इथे भूगोल आडवा येतो. डिपरचा झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. रस्त्याच्या कडेला पायी चालणारा दिसावा म्हणून तो कडेच्या अंगाला जरा वर चढतो. आपल्याकडे ही कड डावीकडे, अमेरिकेत उजवीकडे. अमेरिकी जीपसाठी बनलेला दिवा पद्मिनीला बसवला, की तो पादचाऱ्याला अंधारात सोडतो आणि समोरून येणाऱ्या गाडीची आपुलकीने विचारपूस करतो. विकत घेताना याची चौकशी करणारे गिऱ्हाईक विरळा. काठाभोवती पांढरी कडी पेटते का, हे मात्र सगळे विचारतात.

रंगाचेही तसेच. हॅलोजनचा उजेड 3200 केल्विनच्या आसपास, म्हणजे तुपाच्या रंगाचा; बाजारातले एलईडी 6000 केल्विनचे, म्हणजे दवाखान्याच्या रंगाचे. कोरड्या रस्त्यावर ते छान वाटतात. खंडाळ्याच्या धुक्यात तो पांढरा झोत परत मालकाच्याच तोंडावर येतो. फ्रान्सने 1993 पर्यंत पिवळ्या हेडलाइटचा हट्ट धरला होता. घाटात एकदा अडकलेल्या माणसाला तो हट्ट वाटत नाही. शिवाय हॅलोजन तापट. पावसात काचेमागे धरलेला दमटपणा तो आपल्याच उष्णतेने घालवत असे. एलईडी आपली ऊब मागच्या पंख्याकडे देतो आणि काच जुलैभर घामेजलेली राहते. स्वस्त सर्किट असेल तर दिवे लावताच डॅशबोर्डावरच्या जुन्या रेडिओत विविध भारतीच्या जागी भजी तळल्याचा आवाज येतो.

ब्रिटिश वंशाच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे एलईडी उलटा जोडला गेला तर पेटतच नाही. एवढा स्पष्ट नकार देणारा भाग मोटारीत दुसरा नाही.

कायदा या हौसेकडे प्रेमाने पाहत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती मनाई ठामपणे उचलून धरली. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करण्याची सोय 2021 च्या नियमांनी केली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. पण गाडी मूळ रूपात जपलेली हवी. रॅलीतले परीक्षकही आधी अस्सलपणाच पाहतात.

म्हणून जुने दिवे भंगारात जात नाहीत. ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले जातात आणि रॅलीच्या आदल्या रात्री खाली उतरतात. बॅटरीच्या उजेडात एलईडी निघतो, काच पुसून जुना दिवा जागेवर येतो, क्रोमची कडी बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या लख्ख उन्हात पद्मिनी आपल्या मूळ डोळ्यांनी परीक्षकांसमोरून जाते, आणि दिवे लावून दाखवा असे तिला कोणीही म्हणत नाही.