मौनाचे प्रवक्ते

ध्यानाला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाची पहिली गरज म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी गप्प बसणं. पहाटे पाचला तो हॉलच्या मधोमध आसन टाकतो (आतल्या खोलीत बसलं तर कळणार कोणाला?) आणि तिथून पुढे दूधवाल्याची बेल, कुकरची शिट्टी, सुनेच्या बांगड्या हे सगळे गुन्हे ठरतात. बायको दबक्या आवाजात विचारते, "अहो, दूध किती घेऊ?" मिटलेल्या डोळ्यांपैकी एक उघडतो, मांडीवरच्या हाताची दोन बोटं वर होतात आणि डोळा पुन्हा मिटतो. ध्यान मोडलेलं नसतं, असं त्याचं ठाम म्हणणं असतं.

नवसाधक तरुणही असतात, पण खरा वाण निवृत्तांमध्येच मिळतो. आमच्या शेजारच्या काकांची अख्खी नोकरी ऑडिट खात्यात गेली. त्यांनी ध्यानाची खरेदी आधी पुरी केली आणि मग ध्यानाला हात घातला. लोकरी आसन आलं, ते टोचलं म्हणून गोल गादी आली, गुडघे जमिनीला लागेनात म्हणून दोन्हीकडे दोन उश्या आल्या. मोबाइलवर एक अ‍ॅप आलं. त्यातली इंग्रजी बाई सकाळ-संध्याकाळ 'सोडून द्या, सोडून द्या' असं सांगते. पण वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली असल्यामुळे काकांना ते अ‍ॅप काही सोडवलं नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ध्यानाचा आहे हे कळल्यावर तिथे खुणेची दोरी घातली गेली. दोरी अजून तिथेच आहे.

मग कोणीतरी इगतपुरीचं नाव काढलं.

कसारा घाट चढून गेल्यावर इगतपुरीला धम्मगिरी आहे. १९७६ पासून तिथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. फी नाही, शिबिर पुरं केलेल्याने हवं तर दान द्यावं. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, दिवसाकाठी दहा तासांच्या वर बैठक. मोबाइल जमा, वाचन-लेखन बंद आणि आर्य मौन, म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे, तर खाणाखुणासुद्धा नाहीत. दोन बोटांची सोय तिथे संपली.

काका जायला तयार झाले ते एका माहितीमुळे. धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोएंका गुरुजींना ही विद्या ब्रह्मदेशात ज्यांनी दिली, ते सयाजी ऊ बा खिन हे त्या देशाचे महालेखापाल होते. "म्हणजे आपल्याच खात्यातले!" काकांनी जाहीर केलं, आणि पुढचे पंधरा दिवस लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं. गोएंका स्वतः सुरुवातीला डोकेदुखीवर उपाय म्हणून गेले होते आणि तेवढ्यासाठी यायचं असेल तर येऊ नका, असं त्यांना ऐकावं लागलं, हा भाग काका सांगत नाहीत. त्यांचा स्वतःचा अर्ज रक्तदाबासाठी होता.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. तो ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही; नाकपुडीशी येतो-जातो तेवढं जाणायचं. ज्याने जन्मभर व्हाउचरं मोजली, त्याला 'मोजू नका' ही शिक्षाच. श्वास सुटून मन सोसायटीच्या टाकीवर जाई, तिथून थकलेल्या मेंटेनन्सवर, तिथून एका जुन्या ऑडिट आक्षेपावर. दुपारी शंका विचारायची वेळ असते. काकांनी विचारलं, "किती टक्के झालं?" आचार्यांनी हसून त्यांना पुन्हा नाकपुडीकडे धाडलं. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहणं, सुरू झाली आणि तिच्याबरोबर दिवसातून तीनदा एकेक तास न हलता बसणं. या सगळ्यात काकांना तारलं ते संध्याकाळी पाचच्या चहाने. त्याबरोबर थोडे चुरमुरे आणि एक केळं. बाकी जगाविषयी समता येईल तेव्हा येईल, पण सहाव्या दिवसापासून काका त्या रांगेत पहिले असत, असं तेच सांगतात.

एक कबूल केलं पाहिजे. पळून न जाता ते दहा दिवस बसले. चेष्टा करणाऱ्या आमच्यापैकी एकालाही अर्धा तास मोबाइल खाली ठेवून बसता येणार नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटतं. काकांचं जे सुटलं ते अजून थांबलेलं नाही. इगतपुरी स्टेशनवर वडापाव खाता खाता त्यांनी शेजारच्या प्रवाशाला मौनाचं महत्त्व कल्याणपर्यंत सांगितलं. आता घरात सगळं अनिच्च, म्हणजे अनित्य, आहे. गिझर बिघडला, अनिच्च. मुलाची बदली नागपूरला झाली, अनिच्च. आमटीत मीठ कमी पडलं की मात्र ते कायमचंच असतं: "तुझं हे नेहमीचंच आहे." सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगितलंय, म्हणून ते बसतात, आणि घोरण्याचा आवाज आला की आपण संवेदना पाहत होतो असं म्हणतात. जिन्यात गाठून मला सांगितलं, "तू अजून सुरुवात केली नाहीस? माझा तर अहंकार गेला बघ. आख्ख्या इमारतीत माझ्याइतका कोणाचा गेला नसेल."

काकूंना मी विचारलं, "काकू, काही फरक पडला का हो?"

"पडला की!" त्या म्हणाल्या. "दहा दिवस घरात अगदी शांत वाटलं. मी सलग दोन दुपारी झोपले."

पुढच्या शिबिराचा अर्ज काकांच्या नावाने काकूंनीच भरला आहे. एकदा शिबिर केलेला माणूस तिथे जुना साधक धरला जातो आणि जुन्या साधकांना संध्याकाळी पाचला चुरमुरे मिळत नाहीत, नुसतं लिंबूपाणी मिळतं. हा नियम छापील आहे. काकूंनी तो वाचलाय. काकांनी अजून नाही.