नट, नाडी आणि आकडा

मोटार 'घेतात', एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या पुतण्याने ती 'बांधायला' घेतली. आमच्या घरात आजवर बांधलेल्या वस्तू म्हणजे एक घर, लग्नातले फेटे आणि पाहुण्यांसोबत द्यायचा चिवडा. त्यामुळे बातमी ऐकून काकू एवढंच म्हणाली, "बांध बाबा, पण सुटायला नको."

तिला कल्पना नव्हती, पण सगळी अडचण तिने दोन शब्दांत सांगून टाकली होती. पुतण्याची मोटार सुटायलाच हवी होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रकार चालू आहे. चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यात जुन्या मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन आणि वरून फायबरची बॉडी. ही बॉडी अकरा तुकड्यांची. इंजिनाला हात घालायचा तर वरचा तुकडा निघाला पाहिजे, चाकाकडे बघायचं तर बाजूचा. सांगाडा चार महिन्यांत उभा राहिला, इंजिन दीड महिन्यात धडधडलं आणि हे अकरा तुकडे सांगाड्याला धरायचे कशाने, या प्रश्नाशी काम अडलं. गाडीला खीळ बसली, तीही योग्य खीळ सापडेना म्हणून.

आमच्या भागाला हे वेड नवीन नाही. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता, तर त्यांनी कोल्हापुरात कॅमेराच तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये 'मीरा' नावाच्या चिमुकल्या मोटारीचं पहिलं रूप उभं केलं आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करत राहिले. बारा हजारांत मोटार, असं ते स्वप्न होतं. कारखाना काही निघाला नाही. अगदी अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि २०२२ साली आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेऊन त्यांना बोलेरो दिली. "काका, आपल्याला बोलेरो नको," पुतण्या बाणेदारपणे म्हणाला. आपल्याला ती कुणी देऊ केलेली नाही, ही बाब मी बोललो नाही.

परदेशात असल्या मोटारींचा संचच मिळायचा. इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक सुटे भाग घरी आणत आणि स्वतः जोडत. १९७३ साली व्हॅट आला आणि ती गंमत संपली. कर चुकवण्यासाठी माणूस बॉडी जोडायला शिकतो हे वाचून मला इंग्रजांबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. तिकडे कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाच्या गृहस्थाने १९६४ साली फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर फायबरची टपोरी बॉडी चढवून वाळूत पळणारी बग्गी केली. तिचा फोटो शेडमध्ये गणपतीच्या खाली आणि विजेच्या बिलाच्या वर लावलेला आहे.

तर प्रश्न धरण्याचा. कायमचं चिकटवायचं असेल तर उद्यमनगरात वेल्डर हाकेवर आहे. तात्पुरतं बांधायचं तर सुतळी मलाही बांधता येते. मधलं मात्र महाकठीण. गाडी ताशी ८० किलोमीटरने पळते तेव्हा समोरच्या वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला साधारण ३० किलो वजनाइतका असतो आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. म्हणजे पळताना तुकडा हलता कामा नये, आणि उभ्या गाडीत, भर उन्हात, हातात धड पाना नसताना तो गुमान निघून आला पाहिजे. जावयाकडून सासूची असते तशी ही अपेक्षा आहे.

आम्ही नटबोल्टच्या दुकानात गेलो. तिथे बोल्ट किलोवर मिळतात, शेंगदाण्यासारखे. गल्ल्यावरच्या माणसाने पुतण्याचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि विचारलं, "उघडायचं किती वेळा? रोज, का वर्षातनं एकदा, का नुसतं उघडता येतंय म्हणून मनाला बरं वाटावं म्हणून?"

पुतण्या गप्प झाला. अकरा तुकड्यांपैकी आठ तुकडे या तिसऱ्या जातीचे होते.

शेडमधले मेस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की फायबरमध्ये थेट स्क्रू पिळायचा नाही. "आटं धरत न्हाई ते. पहिल्यांदा बसतंय, दुसऱ्यांदा बसल्यागत करतंय, तिसऱ्यांदा नुसतं गरागरा फिरतंय." म्हणून आटे फायबरला नव्हे, सांगाड्याला द्यायचे. पाइपला भोक पाडून त्यात रिव्हेट-नट दाबून बसवायचा आणि फायबरकडून सहा एमएमचा बोल्ट. बोल्टाखाली मडगार्डला असतो तसला रुंद वायसर, म्हणजे दाब पसरतो. फायबर आणि पाइप यांच्यामध्ये रबर. आणि फायबरचं भोक सहाचं नाही, आठाचं. उन्हात फायबर लोखंडापेक्षा जास्त पसरतं. मीटरभर लांबीच्या तुकड्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक पडू शकतो. जागा ठेवली नाही तर तो भोकापाशी तडकून आपली जागा करून घेतो.

पुतण्याने ऐकलं आणि तरुण माणसाने करावं तेच केलं. पहिला बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. कट् असा बारीक आवाज आला आणि चकचकीत लाल रंगावर वायसरभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली. मग दुसरा बोल्ट बोटांनी फिरवला, रबर टेकलं तसा पान्याने पाव फेरा दिला आणि थांबले. "पुरे. हितं ताकद लावायची नस्ती. ताकद लावायची हौस असंल तर तालमीत जा."

त्यानंतर महिनाभर शेडमध्ये धरण्याच्या साधनांचं प्रदर्शन भरलं होतं. आत पितळेचा नट असलेलं रबरी बूच आलं. बोल्ट पिळला की ते आतून फुगून घट्ट बसतं आणि थरथर पिऊन टाकतं. मला ते आवडलं, पण उन्हाने रबर मरतं. ट्रंकेला असते तशी ओढून बसवायची कडी आली. ती उत्तम, मात्र गाडी ट्रंकेसारखी दिसू लागली. स्टेनलेसचे बोल्ट गंजू नयेत म्हणून आणले, तर ग्रीस न लावता पिळल्यामुळे एक बोल्ट स्टेनलेसच्याच नटात असा जाम झाला की करवतीने सोडवावा लागला. एकाच जातीचे दोघं इतके घट्ट चिकटतात, तर मध्ये जरा परका ओशटपणा हवाच. चुंबक आले, वेल्क्रो आलं. वेल्क्रो पाहून काकू म्हणाली, "यापेक्षा टिचबटणं लाव." सगळे हसले. नंतर मी चौकशी केली तर जीपच्या ताडपत्रीला खरोखर टिचबटणंच असतात.

पुतण्याचा जीव मात्र झूसवर जडला होता. युक्रेनमधून अमेरिकेला गेलेल्या विल्यम झूस नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात विमानांच्या झाकणांसाठी ही पाव फेऱ्याची चावी काढली. खाचेत नाणं घालून पाव फेरा दिला की आतली वाकडी खाच तारेला पकडते. उलटा पाव फेरा दिला की सुटते. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट अशी, की सुटल्यावरही ती खिट्टी झाकणालाच लटकून राहते, गवतात पडत नाही. माझ्या मते खिट्टीची लायकी ती किती घट्ट धरते यावर ठरू नये. सुटल्यावर ती जाते कुठे, ते बघावं. पण झूसला जागा अगदी मापात लागते आणि आमच्या फायबरचा साचा हाताने केलेला. डावी बाजू उजवीशी बोलत नव्हती.

या काळात मला सगळीकडे धरणाऱ्या वस्तूच दिसू लागल्या. मेस्त्रींच्या पायातली कोल्हापुरी बघा. अस्सल असेल तर तिच्यात एक खिळा नसतो; चामड्यानेच चामडं शिवलेलं. पायाबरोबर ती वाकते, कुरकुरते, पण सुटत नाही. नऊवारीचा काष्टा घ्या. पिन नाही, बटण नाही, आणि त्या काष्ट्यावर बायका भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात उभ्या राहतात. खासबागेतल्या पैलवानाचा लंगोट तर या शास्त्राचा कळस. प्रतिस्पर्धी त्यालाच धरून ओढतो. सुटला तर हजारो लोकांसमोर अब्रू गेली, आणि नाही सुटला तर पैलवानाची आंघोळ खोळंबली. दोन्ही वेळा गाठ शब्दाला जागते. पुतण्याला मी हे समजावलं. तो म्हणाला, "काका, लंगोटाचा एमएम किती धरू?"

शेवटी दुकानदाराच्याच प्रश्नाने निकाल दिला. मनाला बरं वाटावं म्हणून सुटणारे आठ तुकडे सहा एमएमच्या बोल्टांवर गेले, रबर आणि रुंद वायसर घालून. दोन तुकडे रबरी बुचांवर. राहिलं बॉनेट, ते रोज उघडणार. त्याला पुढच्या बाजूला बिजागऱ्या दिल्या, म्हणजे वारा ते उचलण्याऐवजी दाबून धरील, आणि मागे दोन उभ्या पिना. पिनेच्या टोकाला भोक, भोकात तारेची वळणदार क्लिप. मेस्त्री म्हणाले, "क्लिपला दोरी बांध. हरवती." पुतण्याला दोरी दिसायला गबाळी वाटली.

रस्त्यावर आणायला कागदपत्रं नाहीत, म्हणून पहिली फेरी आमच्या कागलजवळच्या शेतात ठेवली. गाडी टेम्पोतून नेली. गुऱ्हाळ लागलेलं होतं. काकू काकवीसाठी किटली घेऊनच निघाली. उसाच्या फडाकडेने पुतण्याने तीन फेऱ्या मारल्या. लाल गाडी, मागे धुळीचा लोट, चुलवाणावरचे गडी हातातलं काम टाकून बघतायत. चौथ्या फेरीआधी त्याने पाणी बघायला बॉनेट उघडलं, दोन्ही क्लिपा खाली ठेवल्या आणि परत लावायला गेला तर एकच. खाली गुडघाभर पाचट.

अर्धा तास पाच माणसं पाचट उपसत होती. मेस्त्री बांधावर बसून तंबाखू मळत होते. दोरीचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

काकू किटली खाली ठेवून आली. अंबाड्यात हात घालून तिने एक आकडा काढला, पिनेच्या भोकात सरकवला, टोकं जरा फाकवली आणि बॉनेट हलवून बघितलं. हललं नाही. पुतण्याने आणखी सहा फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवताना ती अंबाडा एका हाताने धरून उभी होती. "झालं ना तुझं?" ती म्हणाली. "मग माझा आकडा दे आधी."

पुतण्याने तो काढला. बोटानेच, पाना न लावता.