रुपयाची पत्रिका

आंतरराष्ट्रीय वित्तव्यवहारावरील अनुभवाधिष्ठित शोधनिबंध, म्हणजे नुसत्या तर्कावर न विसंबता प्रत्यक्ष आकडेवारीच्या कसोटीवर सिद्धांत घासून पाहणारा निबंध, हा विद्यापीठीय लेखनाचा असा प्रकार आहे की ज्यात डॉलरचा भाव काल का बदलला हे चाळीस पानांत सविस्तर सांगितलेले असते आणि तो उद्या किती असेल, एवढी एकच गोष्ट शिताफीने टाळलेली असते. या टाळाटाळीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिला शास्त्राधार आहे. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात डॉलरचे पौंड, मार्क व येन यांच्याशी असलेले दर घेतले आणि चलनपुरवठा, व्याजदर, उत्पन्न इत्यादींवरून विनिमय दर काढून देणाऱ्या तत्कालीन नामवंत प्रतिमानांची गाठ एका अत्यंत मठ्ठ प्रतिस्पर्ध्याशी घालून दिली. ‘यादृच्छिक चाल’ हे त्याचे भारदस्त नाव असून, आजचा भाव हाच उद्याचा अंदाज, एवढेच त्याचे ज्ञान असते. प्रतिमानांना पुढील काळातील व्याजदर व उत्पन्नाचे खरे आकडे आधीच पुरवले होते, म्हणजे मराठीत ज्याला पेपर फोडणे म्हणतात ते झाले होते, तरीही एक ते बारा महिन्यांच्या पल्ल्यात ती या मठ्ठाला हरवू शकली नाहीत. तेव्हापासून या विषयावरील लेखक पहिल्याच पानावर मीस-रोगॉफ यांना साष्टांग नमस्कार घालतो आणि दुसऱ्या पानापासून ते जणू जन्मलेच नव्हते अशा थाटात समीकरण मांडू लागतो.

समीकरण कोणत्याही सिद्धांताचे चालते, परंतु व्याजदर समतेचा सिद्धांत विशेष लोकप्रिय आहे. ज्या देशात व्याजदर जास्त, त्या देशाचे चलन त्याच प्रमाणात घसरावे, नाहीतर सगळे जग स्वस्तात कर्ज काढून तिकडेच ठेवी ठेवील, असे तो सांगतो. आणि तो खरा असेल तर समीकरणातील व्याजदरांच्या फरकाचा गुणक एक यायला हवा. केनेथ फ्रूट आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली नोंदवल्याप्रमाणे, प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७५ अंदाजांची सरासरी उणे ०.८८ भरते. पंढरपूरला निघालेली दिंडी दरवर्षी नाशकाला पोहोचावी, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थ्याचे उत्तर असे उलटे आले तर त्याला नापास म्हणतात. सिद्धांताचे आले तर ‘कोडे’ म्हणतात, आणि कोड्यावर आणखी निबंध लिहिता येतात.

खरा कस मात्र आकडेवारी गोळा करताना लागतो, आणि या भागाचे वर्णन निबंधात कधीच नीट येत नाही. रुपयाची दीर्घ मालिका हवी म्हणून अभ्यासक मागे जाऊ लागला की त्याला ६ जून १९६६ रोजी ४.७६ वरून थेट ७.५० वर गेलेला डॉलर भेटतो, आणि त्याआधी वर्षानुवर्षे आखलेली सरळ रेघ भेटते. कारण भाव बाजार ठरवत नव्हता, सरकार ठरवत होते, आणि सरकारच्या मनाचे प्रतिमान अद्याप कोणाला जमलेले नाही. १९७५ पासून रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी बांधलेला, जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालेला, आणि मार्च १९९३ मध्ये कुठे बाजाराच्या हवाली झालेला. सबब मालिका १९९३ पासून सुरू होते आणि ‘दीर्घ’ हा शब्द शीर्षकातून गुपचूप गळतो. विनिमय दर रोज मिळतो, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक महिन्याला आणि राष्ट्रीय उत्पन्न तिमाहीला. शिवाय त्यांची आधारवर्षे मध्येच बदलत असल्याने जुन्या-नव्या मालिकांना ठिगळ लावावे लागते, ज्याला निबंधात ‘सांधणी’ म्हणतात. व्याजदर कोणता घ्यावा, रेपोचा, कॉल मनीचा की ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा, हा प्रश्न तत्त्व पाहून सुटावा अशी अपेक्षा असली तरी बहुधा तो उत्तर पाहून सुटतो. एवढे करूनही २००८, २०१३ किंवा २०२० साली मालिका बेताल वागतेच, आणि तेथे ‘डमी चल’ मदतीला येतो. विशिष्ट काळात एक व एरवी शून्य असे मूल्य घेणारा हा चल, निवडणुकीतील डमी उमेदवाराप्रमाणे, मूळ उमेदवाराचा अर्ज बाद झाला की उपयोगी पडतो.

यानंतर पत्रिका पाहण्याचा विधी येतो. काळाबरोबर वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींशी घनिष्ठ नाते असल्याचा आव आणतात, हा धोका जॉर्ज युल यांनी १९२६ सालीच दाखवला होता. इंग्लंडमधील एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांच्यातला सहसंबंध त्यांनी मोजला तेव्हा तो ०.९५ भरला, म्हणजे मृत्यू कमी करायचे तर लग्ने दुसरीकडे लावावीत असे मानायला शास्त्रीय आधार निर्माण झाला. म्हणून आता प्रत्येक मालिकेची डिकी-फुलर चाचणी घेतात. मालिका आपल्या सरासरीकडे परतणारी आहे की एकदा भरकटली की भरकटलीच, हे तीवरून कळते. मंगळ आहे की नाही हे आधी पाहिलेले बरे, तसेच हे. मग कोष्टकात गुणकांच्या डोक्यावर तारका उगवतात. केवळ योगायोगाने असा आकडा निघण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी असेल तर एक, पाचाहून कमी असेल तर दोन, एकाहून कमी असेल तर तीन. यांतली पाच टक्क्यांची रेघ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाली. या हिशेबाने ज्यांचा रुपयाशी काडीमात्र संबंध नाही असे वीस चल तपासले तरी सरासरीने एकाला दोन तारका मिळायच्याच. निबंधात तोच एक छापला जातो, आणि उरलेले एकोणीस संगणकातच राहतात. ग्रहांचे फळ सांगणाराही फसलेली भाकिते पाटीवर लिहीत नाहीच.

संगणकात काय राहते याला महत्त्व असते, हे कारमेन राइनहार्ट आणि त्याच रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांवरील २०१० सालच्या निबंधाने दाखवून दिले. अभ्यासवर्गाचा गृहपाठ म्हणून तो निबंध पुन्हा करून पाहणाऱ्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे आढळले. ही चूक सुधारून, सरासरी काढण्याची रीतही बदलून, त्याने आपल्या अध्यापकांसह २०१३ साली केलेल्या फेरमांडणीत, अतिकर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर गेली. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही.

तयार निबंध शोधपत्रिकेकडे जातो आणि काही महिन्यांनी परततो. निबंध उत्तम आहे, पण आमच्या पत्रिकेच्या व्याप्तीत बसत नाही, असे संपादक कळवतात. स्थळाकडची मंडळी जे शब्द वापरतात, त्यांत आणि यांत फरक फक्त लेटरहेडचा.

रुपयावरील निबंधाच्या पूर्वसाहित्याच्या आढाव्यात बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रूपी’ हा लंडनला १९२३ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध आला तर एका वाक्यात येतो. त्यातही कोष्टके आहेत. मात्र रुपयाचा परकी चलनातला भाव टिकवण्यापेक्षा त्याची देशातली क्रयशक्ती टिकणे महत्त्वाचे, अशी उघड बाजू घेऊन त्यांनी अर्थशास्त्रज्ञ केन्स यांना मान्य असलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाला, म्हणजे रुपया सोन्यावर आधारलेल्या परकी चलनाशी बांधण्याच्या पद्धतीला, विरोध केला. आणि त्या परिमाणाविषयीचा लेखकाचा रोष आपल्याला मान्य नाही, असे प्रस्तावनाकार एडविन कॅनन यांनी त्याच पुस्तकात निःसंकोच लिहिले. त्या प्रबंधात सार्थकतेची एकही तारका नाही. फिशर यांचे पुस्तक यायला अजून दोन वर्षे होती.